होडी किती उंचावर होती

आई, पाणी तुमच्या डोक्याच्या वर नव्हतं.

होडी होती. ते मी कधीच नाकारलं नाही. पण पाणी म्हणाल, तर फार फार तुमच्या खांद्यापर्यंत. हे मी तुम्हाला मागच्या उन्हाळ्यापासून दर रविवारी फोनवर सांगत आलो, आणि दर रविवारी तुम्ही अकोल्याहून एकच उत्तर देत आलात, "पुणेकर, तुम्हाले काय दिसणार होतं जी? तुम्ही तर नालीत पडून होते."

आता रविवारी चहा झाला की माझा हात सवयीनं फोनकडे जातो. मग आठवतं. मेधा म्हणते, "माझ्याशी घाल वाद." पण तुमच्या लेकीशी वाद घालण्यात मजा नाही. तिथे निकाल आधीच लागलेला असतो.

तुम्ही कुठे जन्मलात, कुठे शिकलात, किती वर्षं कन्याशाळेत भूगोल शिकवलात, हे मी लिहिणार नाही. ते सगळं शोकसभेत झालं. मेधानं फोन समोरच्या खुर्चीवर ठेवून मला इथे डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये ऐकवलं. सगळे तुम्हाला 'शांत आणि मितभाषी' म्हणत होते. मी स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून मोठ्यांदा हसलो. शांत! ज्या बाईनं नेदरलँड्समधल्या एका वळणावर उभं राहून आख्ख्या सायकलींच्या तांड्याला 'नो टॉकिंग' म्हणून दरडावलं, ती शांत?

तर मी त्या सहलीबद्दलच लिहितो. तुमच्याबद्दल लिहायचं तर मला दुसरं काही सुचतही नाही.

कल्पना आमच्या शेजारच्या मॉरीनची. बेल्जियममधल्या ब्रुझहून ॲम्स्टरडॅमपर्यंत आठवडाभर सायकलनं जायचं. सोबत गाइड. आपलं सामान घेऊन एक लांबट होडी कालव्यांतून येते, संध्याकाळी पुढच्या गावाला भेटते. रात्री जेवायचं-झोपायचं त्या होडीतच. तुम्ही आमच्याकडे दर उन्हाळ्याला यायचात, तेव्हा मॉरीन कुंपणावरून तुमच्याशी तासन्‌तास बोलायची. तिचं इंग्रजी तुम्हाला निम्मं कळायचं, तुमचं तिला निम्मं, आणि दोघी म्हणायच्या की आपलं छान जमतं. तिनं ते माहितीपत्रक तुमच्या हातात दिलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर जेवणाच्या टेबलावर ॲटलास उघडा.

"आपण जाऊन राहिलो," तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, "आई, सायकल आहे. रोज सायकल."

"मंग? मी शाळेत काय पालखीत बसून जात होती?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही निवृत्त होईपर्यंत पातळ नेसून, दांडीला पिशवी अडकवून, अकोल्याच्या उन्हात सायकल चालवलीत. मी पुण्याचा, सायकलींच्या शहरातला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी लूना घेतली ती आजतागायत पायडलला पाय लावला नव्हता. अडचण कुणाची होती, हे त्या टेबलावर फक्त मला कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी तुम्ही व्हिसासाठी मुंबईला दोन खेपा घातल्यात. खिडकीतल्या बाईनं जाण्याचं कारण विचारलं तर तुम्ही म्हणालात, "सायकल." तिनं वर पाहिलं, पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "सायकल." एवढ्या खऱ्या उत्तराची तिला सवय नसावी.

ब्रुझला पहिल्या सकाळी धक्क्यावर सायकली ओळीनं लावल्या होत्या. तुम्ही कमरेची डबी काढून प्रत्येक हँडलला हळदकुंकू लावलंत, अनोळखी लोकांच्या सायकलींनासुद्धा. आमचा गाइड यान, उंच, हाडकुळा, कायम शीळ घालणारा माणूस, थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्यानं स्वतःची सायकल आणून ओळीत उभी केली.

यानची एक पद्धत होती. तो सगळ्यांच्या पुढे. वळण आलं की त्याच्या लगेच मागे जो असेल, त्यानं तिथे थांबायचं आणि हात करून मागच्यांना रस्ता दाखवायचा. सगळ्यांत शेवटी पिवळं जाकीट घातलेला एक जण. तो आला की वळणावरच्यानं निघायचं. त्यामुळे कुणी चुकत नाही. तुम्हाला ही पद्धत इतकी आवडली की तुम्ही म्हणालात, मुलींची सहल नेताना हे आपल्याला कसं सुचलं नाही.

पिवळं जाकीट मी घेतलं. स्वतःहून. मी शेवटी होतो म्हणून जाकीट मिळालं, की जाकीट होतं म्हणून मी शेवटी होतो, हा आपला दुसरा वाद. तो मी मागे घेतो. एका वेळी एकच लढवीन म्हणतो.

मग तुमचं ते पडणं. तिकडच्या सायकलींना पायाचा ब्रेक, पायडल उलटं फिरवलं की चाक जागच्या जागी धरतं. आपल्याकडे उतार लागला की पायडल उलटं फिरवत, मागच्या चाकाची टकटक ऐकत जायचं सुख. गावाबाहेर एका पुलावरून उतरताना तुम्ही ते सुख घ्यायला गेलात. सायकल थांबली. तुम्ही थांबला नाहीत. गुडघा खरचटला, कोपर सुजलं, आणि मागून येणारी आमची लेक सई तुम्हाला चुकवायला थेट गवतात. यान धावत आला. सोबत आलेली मॉरीन म्हणाली, "गॉड लव्ह हर, इज शी अलाइव्ह?" तुम्ही बसल्या बसल्या म्हणालात, "आय ॲम फाइन. सायकल इज फूलिश."

त्यानंतर यान तुम्हाला मागे ठेवायला लागला, म्हणजे माझ्याबरोबर. आई, ते दोन दिवस मला मिळाले याबद्दल मी त्या ब्रेकचा आभारी आहे.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला तो कालवा. दोन्हीकडे उंच पॉपलर, वाऱ्यानं सगळे एकाच बाजूला कललेले. त्या वाऱ्यात तुम्ही मला रेहानाची गोष्ट सांगितलीत. सातवीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर समुद्र काढला, बांध काढला, बांधाच्या खाली घर काढलं, आणि सांगितलं की हॉलंडमध्ये जमीन पाण्याच्या खाली असते. माणूस शेतात उभा असतो आणि होडी त्याच्या डोक्यावरून जाते. शेवटच्या बाकावरची रेहाना उभी राहिली. "बाई, तुम्ही पाह्यलं काय?" वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, नाही. ती म्हणाली, "मंग खरं कशावरून?" तुम्हाला पुस्तकात आहे, एवढंच म्हणता आलं. त्यानंतर दर वर्षी तो धडा आला की तुम्ही बांध काढायचात, घर काढायचात, आणि होडी काढताना हात क्षणभर थांबायचा.

"म्हणून आलात तुम्ही?" मी विचारलं.

"मंग काय चीज खायाले?"

त्याच रस्त्यावर मीही तुम्हाला काहीतरी सांगायला घेतलं होतं. मेधाला घेऊन मी आयर्लंडला निघालो, तेव्हा सगळं घर रडत होतं आणि तुम्ही एकट्या मला गल्फ स्ट्रीम समजावत होता. समुद्रातला उबदार प्रवाह आहे, थंडी वाटते तेवढी पडणार नाही, काळजी करू नका. मग दोन वर्षांनी कंपनीनं आम्हाला सगळ्यांना एका दुपारी घरी पाठवलं. तुम्ही त्याच आठवड्यात तिकीट काढून आलात. नोकरीचा विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत. रोज सकाळी डबा भरलात, माझ्या हातात दिलात, आणि म्हणालात, "कालव्यावर फिरून या. घरी बसलेला माणूस लवकर म्हातारा होते." मी कालव्याच्या काठी बाकावर बसून तुमची भाकरी आणि झुणका खायचो, आणि बदकं माझ्याकडे बघायची. मला दुसरी नोकरी लागेपर्यंत अकोल्यात कुणालाही कळलं नव्हतं. तुम्ही तिकडे सांगितलं होतं की जावई सुट्टीवर आहेत.

तर त्या पॉपलरच्या रस्त्यावर मी म्हणालो, "आई, त्या वेळी तुम्ही आला नसता तर—"

"काय? ऐकू नाही येत! वारा आहे!"

मी ओरडून पुन्हा म्हणालो. तुम्ही पुन्हा कानाला हात लावलात, घंटी वाजवलीत आणि पुढे निघून गेलात. मला आजही शंका आहे की तुम्हाला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

हॉलंडमधल्या गौडाला पोचलो त्या संध्याकाळी यान नकाशा घेऊन बसला. उद्याचा रस्ता खोलगट प्रदेशातून, बांधाच्या पायथ्यानं. पाणी वर, आपण खाली. तुम्ही पुढे सरकून बसलात. मग तो म्हणाला की उद्या वारा जोरात आहे, अंतर जास्त आहे, आणि हळूच तुमच्या गुडघ्याकडे पाहून म्हणाला, उद्या मॅडमनी होडीतच आराम केला तर? होडीतूनही फार सुंदर दिसतं.

आणि मी, आदर्श जावई, तुमच्या आधी म्हणालो, "हो हो, चांगलंच होईल. त्यांना विश्रांती हवीच आहे."

होडीत बसून होडी डोक्यावरून जाताना कशी दिसणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही नकाशा आपल्याकडे ओढून घेतलात, बोटानं एक रेघ चालत गेलात, फाट्यांवरच्या पाट्यांचे आकडे ओठांतल्या ओठांत म्हणालात, आणि झोपायला गेलात. मला वाटलं, पटलं बरं का. मेधा म्हणाली, "आई गप्प आहे. मला भीती वाटते."

सकाळी तुम्ही डेकवर चहाचा कप घेऊन उभ्या होता. अंगात सईची डब्लिनची निळी जर्सी. आम्हाला हात केलात. पायांत बूट होते, लेस बांधलेली, हे मी पाहिलं होतं. पण मी सॉफ्टवेअरचा माणूस, समोर दिसणाऱ्या चुकीच्या गोष्टीचा अर्थ आम्हाला नंतर लागतो.

पुढचं मला कॅप्टनच्या बायकोनं सांगितलं. वाटेत होडीला लॉकमध्ये थांबावं लागतं. दोन दारांच्या मध्ये पाणी भरून होडी वरच्या पातळीला चढवतात. तिथे होडी काठाला लागली, तशी तुम्ही कॅप्टनला म्हणालात, "माय सायकल डाउन, प्लीज." तो म्हणाला, गाइडनं तर सांगितलंय की तुम्ही होडीतच राहणार. तुम्ही म्हणालात, "गाइड इज यंग."  त्यानं सायकल उतरवून दिली.

इकडे आमचा तांडा वाऱ्याशी झगडत येतोय. पुढे यान. एक फाटा दिसला, तसा तो मागे वळून म्हणाला, आता इथे कुणीतरी थांबा. आणि थांबायला कुणी लागलंच नाही. वळणावर आधीच एक निळी जर्सी उभी. डावा हात कमरेवर, उजवा रस्त्याच्या दिशेनं ताठ.

"कीप राइट! सिंगल लाइन! नो टॉकिंग!"

मेधा सांगते, यानची शीळ थांबली. त्या सबंध आठवड्यात तेव्हाच एकदा. मग त्यानं हेल्मेट काढून तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि गुपचूप उजवीकडे वळला. सई ओरडली, "आजी, यू लेजेंड!" मॉरीन इतकी हसली की तिला उतरून चालावं लागलं. एकेक जण येत गेला आणि तुम्ही सोडत गेलात. शेवटी मी, जाकीट, घाम.

"चला चला, पुणेकर. वर्ग कधीचा सुरू झाला."

नियम म्हणजे नियम. पिवळं जाकीट आल्यावर तुम्ही निघालात. रस्ता खाली उतरला. डाव्या हाताला गवताचा बांध, त्यावर मेंढ्या. उजव्या हाताला खोलवर शेतं आणि घरांची कौलं. पाणी कुठेच दिसत नव्हतं. आणि मग बांधावर, मेंढ्यांच्या मागे, एक झेंडा सरकताना दिसला. मग काचेची केबिन. मग आपली आख्खी होडी, गवतावरून चालल्यासारखी, आरामात, आभाळाच्या बाजूनं.

तुम्ही उतरलात. सायकल स्टँडवर लावलीत. घाई नाही, शाळेच्या आवारात लावावी तशी. आणि घंटी वाजवायला लागलात. वाजवतच राहिलात. वरून कॅप्टननं भोंगा दिला. त्याची बायको पुसायचं फडकं हलवत कठड्याला आली. पुढे गेलेले सगळे थांबून मागे बघत होते. आणि तुम्ही दोन्ही हात वर करून, त्या परक्या माळावर, पोटातून ओरडलात:

"रेहाना! पाह्यलं वं, पाह्यलं मी!"

आई, मी त्या क्षणी रडलो असतो. पण आनंदाच्या भरात मी पायडल उलटं फिरवलं. मग मी, जाकीट आणि सायकल, तिघंही बांधाच्या पायथ्याच्या चरात. चरात पाणी, पाण्यात बेडूक, काठाला खाजकुइलीसारखं काहीतरी. तुम्ही वळून पाहिलंत, आणि हात पुढे करायच्या आधी पोटभर हसलात.

म्हणून मी मान्य करतो की होडी मी चरातून पाहिली. पण म्हणून काय झालं? चरातूनही डोळे उघडेच असतात. होडीचा तळ पाण्यात असतो, आपल्याला दिसते ती पाण्याच्या वरची होडी. बांध उंच होता, हे खरं. पण बांधाचा माथा म्हणजे पाणी नव्हे. पाणी त्याच्या बरंच खाली असतं. हे मी त्याच रात्री जेवताना कागदावर आकृती काढून सांगितलं. तुम्ही कागद उलटा केलात आणि तुमची आकृती काढलीत. तुमच्या आकृतीत तुम्ही फार लहान होता आणि मी चरात होतो.

ॲम्स्टरडॅमला निरोप घेताना यान तुम्हाला म्हणाला, पुढच्या वर्षी या, मला मदतनीस हवी आहे. तुम्ही म्हणालात, "फर्स्ट यू लर्न डिसिप्लिन."

अकोल्याला परतल्यावर तुम्ही शाळेत जाऊन सातवीचा एक तास मागून घेतलात. फळ्यावर बांध, घर, होडी, आणि या वेळी घराशेजारी एक सायकल. हे मला ठाऊक होतं. पुढचं आत्ता कळलं. तुम्ही गेलात त्यानंतर घरी ज्या बायका भेटायला आल्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, त्यांनी मेधाला धीर द्यायच्या ऐवजी होडीची गोष्ट सांगितली. प्रत्येकीच्या गोष्टीत बांध आणखी उंच. एकीच्या गोष्टीत तर जावई बुडता बुडता वाचला. मेधा फोनवर रडत होती आणि मध्येच हसत होती. मग म्हणाली, "एक बाई कोपऱ्यात बसली होती.  निघताना म्हणाली, मी रेहाना. बाई दिवाळीत माझ्या घरी आल्या होत्या, पत्ता शोधत. दारातूनच म्हणाल्या, आता विचार."

मी तेव्हा ऑफिसात होतो, ग्रँड कॅनाल डॉकला. खिडकीतून खाली पाणी दिसतं. मी बराच वेळ पाण्याकडे पाहत बसलो. मी ठीक आहे ना, हे शेजारच्या पोरानं इथल्या पद्धतीनं विचारलं, "यू ग्रँड?" मी म्हणालो, ग्रँड. आणि गंमत म्हणजे, होतो.

आपल्या शेवटच्या रविवारी मी तुम्हाला म्हणालो होतो, नुसतं बोलून काय उपयोग, जूनमध्ये परत जाऊ आणि मोजू. तुम्ही म्हणालात, "मोजाच. मी तयारीनं येऊन राहिली." मला वाटलं, नेहमीची धमकी.

मेधा परवा परतली. तुमची बॅग घेऊन आली. इकडे यायला तुम्ही भरून ठेवलेली, जशीच्या तशी. मेतकूट, सईसाठी ज्वारीच्या पापड्या, मॉरीनसाठी हळदकुंकवाची नवी डबी. आणि तळाशी, तुमच्या जुन्या पातळात गुंडाळलेलं, पारदर्शक नळीचं एक भेंडोळं. गवंडी वापरतात ती. आत पाणी भरायचं, एक टोक इथे, दुसरं तिथे; मध्ये भिंत असो की अंगण, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन थांबतं.

मी ते भेंडोळं मांडीवर घेऊन जिन्यात बसलो. सईनं विचारलं, "बाबा, व्हॉट इज इट?" मी सांगितलं.  मग मराठीत म्हणाली, आमची सई, जी आम्हाला जन्मात मराठीत उत्तर देत नाही, "आजी जिंकणार आहे."

आम्ही जातोय, आई. तिकिटं काढली. तीच होडी, तोच यान. तुमच्या केबिनमध्ये मॉरीन झोपेल. तिनं डबी आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवलीये. त्या जागेवर पोचलो की सई तुमच्या जागी उभी राहील. ती आता बरोबर तुमच्याएवढी झाली आहे. खालचं टोक तिच्या डोक्याशी मी धरीन, पिवळ्या जाकिटात. चरात पडणार नाही, निदान मोजून होईपर्यंत.

वरचं टोक तुमच्याकडे. नीट धरा. आणि मुद्दाम उंच उचलू नका, आई. तुमचा काही भरवसा नाही.